दाजी ऑर्डर लिहून घेतात

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. मी त्यांना दाजी म्हणतो, म्हणून हॉटेलातले सगळेच त्यांना दाजी म्हणायला लागले. मालकीणबाई वयाने त्यांच्याहून मोठ्या, पण त्याही दाजीच म्हणतात. गिऱ्हाइकांना तर त्यांचं खरं नाव ठाऊकच नाही. कोर्टासमोरच्या रस्त्यावर आमचं हॉटेल. दाजी बाहेर वेटर, मी आत शेगडीपाशी. मला तिथे चिकटवलं तेही दाजींनीच, ताईने डोकं खाल्लं म्हणून. राहतोही मी त्यांच्याकडेच.

दाजी ऑर्डर लिहून घेत नसत. दोन्ही हात पाठीमागे बांधून, मान जराशी झुकवून टेबलापाशी उभे राहायचे आणि ऐकायचे. टेबलाला टेबल जोडून बसलेला मोठा घोळका असला तरी तसेच. मग किचनच्या खिडकीत येऊन एका दमात सगळं सांगायचे. कोणाच्या ऑम्लेटमध्ये कांदा नको, कोणाचं अंडं कडक उकडायचं, कोणाच्या टोस्टला लोणी एकाच बाजूने. माझे हात चालू असायचे आणि त्यांचा आवाज कानात. ताटल्या बाहेर गेल्या की ज्याची त्याच्यापुढे पडायची. “कटलेट कुणाचं?” असं त्यांनी विचारलेलं मी कधी ऐकलं नाही.

कोर्टातली वकील मंडळी मुद्दाम खोड काढायची. ऑर्डर तीनदा फिरवायची आणि दाजी आत वळले की आपसात जागा बदलायची. दाजी ट्रे घेऊन यायचे, एकवार सगळ्यांवरून नजर टाकायचे आणि बरोबर त्या त्या माणसापुढे ताटली ठेवायचे. “खुर्ची बदलली तरी भूक तुमचीच ना, साहेब?” एवढंच म्हणायचे. सगळं टेबल हसायचं. त्या हसण्यावर दाजींचा दिवस निघायचा. दुसऱ्या हॉटेलातला वही धरून फिरणारा वेटर दिसला की मला कोपराने ढोसून म्हणायचे, “बघ, कारकून आला.”

मग त्यांचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठल्या उठल्या दुखायचं, दुपारपर्यंत कमी व्हायचं. खाली पडलेला चमचा उचलायला वाकले की टेबलाची कड धरून तसेच थांबायचे, डोळे मिटून. ताई म्हणाली चष्म्याचा नंबर वाढला असेल. नवा चष्मा आला, दुखणं गेलं नाही. ते गेलं नाही, हे मात्र दाजींनी कोणाला सांगितलं नाही. दुखणं बोलून दाखवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

एका दुपारी ऐन गर्दीत बाहेरून भांड्यांचा मोठा आवाज आला. मी पळत गेलो तर दाजी जमिनीवर, ट्रे लांब फेकला गेलेला, सूप सगळीकडे. कशाला अडखळले नव्हते, घसरले नव्हते. “चालत होतो आणि पायच नव्हते,” असं त्यांनी नंतर सांगितलं. डोळे उघडल्यावर पहिलं काय बोलले असतील? “सूप खिडकीजवळच्या बाईंचं होतं. त्यांना दुसरं दे.” मालकीणबाईंनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही.

इस्पितळात स्कॅन झालं. सर्जन एक मध्यमवयीन बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. “मेंदूच्या आत पाणी सतत फिरत असतं. ते जिथून पुढे जातं, त्या वाटेच्या तोंडाशीच ही सिस्ट बसलीय. वाटाण्याएवढी आहे. कॅन्सर नाही, कुठे पसरणार नाही. पण बाटलीला बूच बसावं तशी बसलीय. वाट पूर्ण बंद झाली तर आपल्याला वेळ मिळणार नाही. म्हणून काढायची.”

ताईने माझा दंड घट्ट धरला होता. ‘कॅन्सर नाही’ हे ऐकून तिची बोटं सैल झाली आणि पुढचं ऐकून पुन्हा आवळली.

दाजींनी विचारलं, “डॉक्टर, ऑर्डर लक्षात राहतील ना?”

बाईंना प्रश्न कळला नाही. ताईने सांगितलं, हे वेटर आहेत, काहीच लिहून घेत नाहीत. बाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता म्हणतील, काळजी करू नका, सगळं ठीक होईल. तसं त्या म्हणाल्या नाहीत.

“आठवणीच्या तारा या सिस्टच्या अगदी शेजारून जातात,” त्या म्हणाल्या. “मी जपून काम करीन. पण नवीन ऐकलेलं लक्षात ठेवायला काही काळ त्रास होऊ शकतो. बहुतेकांचा तो कमी होतो. सगळ्यांचा पूर्ण जातोच, असं मी सांगणार नाही.”

दाजींनी चित्राचा कागद आपल्याकडे ओढून नीट पाहिला. मग म्हणाले, “खरं सांगितलंत, बरं झालं.” आणि सहीसाठी हात पुढे केला.

ऑपरेशन चांगलं झालं. कपाळाच्या वर, केसांच्या आत एक भोक पाडून, दुर्बिणीने सिस्ट काढली. आम्हाला आत सोडलं तेव्हा डोक्याला पट्टी, तोंड सुजलेलं, पण डोळे उघडे. ताईला बघून म्हणाले, “तू खाल्लंस का?”

“हो, खाल्लं,” ताई म्हणाली.

थोडा वेळ गेला. “तू खाल्लंस का?”

“हो, खाल्लं.”

दिवसभर हेच. सुई टोचून झाली की विचारायचे, नर्स ताप बघून गेली की विचारायचे, नुसती मान वळवली की विचारायचे. बारा माणसांची ऑर्डर डोक्यात घेऊन फिरणारा माणूस, आणि याला पाच मिनिटांपूर्वीचं ठाऊक नाही. पण ताई प्रत्येक वेळी असं उत्तर द्यायची, जणू पहिल्यांदाच विचारलंय. आवाजात कंटाळा नाही, रड नाही. संध्याकाळी मी तिला बाजूला नेऊन विचारलं, खरंच काय खाल्लंस? तिने सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मी तिला ओढत कँटीनमध्ये नेलं. परत आलो तर दाजी विचारत होते. या वेळी तिने खरं उत्तर दिलं.

घरी आल्यावर जखम भरली, टाके निघाले, डोकेदुखी गेली. सकाळी उठून “आज नाही दुखत” असं ते इतक्या आश्चर्याने म्हणायचे की ऐकून बरं वाटायचं. पण थकवा विलक्षण. अंघोळ केली की झोपायचे, जेवले की झोपायचे. मिक्सरचा आवाज सहन होत नव्हता. आणि जुनं सगळं पक्कं असून नवं मात्र हातात टिकत नव्हतं. माझ्या लहानपणीची फजिती त्यांना बारकाव्यांसकट आठवायची, पण सकाळी कोण भेटायला येऊन गेलं ते नाही. दुधाचं पातेलं शेगडीवर ठेवून विसरले, तेव्हा ताईने फक्त खिडक्या उघडल्या. ते मात्र करपलेलं पातेलं घासत बसले.

इस्पितळातून एक थेरपिस्ट मुलगी यायची. चुणचुणीत होती. ती म्हणाली, “काका, खिशात वही ठेवा. सांगितलेलं लगेच लिहा. मेंदूला आधार मिळतो, मग तो हळूहळू सावरतो.”

दाजी म्हणाले, “मला कारकून करायचाय का?”

“लिहायचं नाही तर काय करायचं?”

“सराव.”

मग सराव सुरू झाला. ताई एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कामाला होती. तिथून ती आली की आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी गिऱ्हाईक होऊन बसायचो. दाजी हात पाठीमागे बांधून उभे. ताई ऑर्डर द्यायची, मी द्यायचो. ते स्वयंपाकघरात जायचे आणि ओट्यापाशी उभं राहून मोठ्याने म्हणून दाखवायचे. दोन गोष्टी यायच्या. तिसरीपाशी आवाज थांबायचा. मग ते गॅलरीत जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहायचे. ताई म्हणायची, “जाऊ नकोस मागे. येतील.” यायचेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात बांधून उभे. मी असतो तर आठवड्यात सोडून दिलं असतं. हा माणूस रोज हरायला उभा राहत होता, आणि तेही धाकट्या मेहुण्यासमोर, ज्याला त्यांनी चहा कसा उकळायचा इथपासून शिकवलं होतं.

काही महिन्यांनी चार गोष्टी यायला लागल्या. सर्जनबाईंनी अर्धा दिवस कामाची परवानगी दिली. मालकीणबाई स्वतः रिक्षा करून न्यायला आल्या. म्हणाल्या, “दाजी, तुमच्या टेबलांना दुसऱ्या कोणाचं वाढलेलं चालत नाही. रोज माझं डोकं खातात.”

पहिल्या दिवशी दाजी आत आले तर सगळं हॉटेल उभं राहिलं. केस पुरते वाढले नव्हते, कपाळाच्या वरची खूण दिसत होती. ते हात पाठीमागे बांधून टेबलांपाशी गेले, आणि बघता बघता पूर्वीसारखं चालू झालं. म्हणजे मला तसं वाटलं. खिडकीत येऊन ते अजून एका दमात सांगत होते, आवाज तसाच ठणठणीत. ताटल्या रिकाम्या परत येत होत्या. कोणाची तक्रार नाही. घरी ताईला सांगताना त्यांचा चेहरा उजळलेला असायचा. “आज एकही चूक नाही,” म्हणायचे.

एकदा मी कसल्याशा कामाने बाहेर आलो तर अंडं बघूनही नाक मुरडणारा एक वकील निमूटपणे ऑम्लेट खात होता. माझ्याकडे बघून त्याने भुवया उंचावल्या आणि तोंडावर बोट ठेवलं. शेजारच्या टेबलावर दोघांनी गुपचूप ताटल्यांची अदलाबदल केली. मी मालकीणबाईंकडे पाहिलं. त्या गल्ल्यात मान घालून बसल्या होत्या.

“मी कोणालाच सांगितलं नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “आपणहून करतात. काय बोलू मी त्यांना?”

मीही काय बोलणार? लोक त्यांच्यावर माया करत होते. मागवलं सूप, आलं कटलेट, तरी खायचं आणि “दाजी, फर्मास” म्हणायचं. कोर्टात एकमेकांचे गळे धरणारी माणसं इथे एका दिलाने हे नाटक वठवत होती.

हे फुटलं ते कॉफीमुळे. खिडकीजवळ एक निवृत्त पोस्टमास्तर रोज बसायचे. मधुमेह होता, कॉफी बिनसाखरेची. त्या दिवशी त्यांच्या मागच्या टेबलावर एक परका माणूस आला होता. त्याला हे काही माहीत नव्हतं. त्याने कॉफीचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “अहो, यात साखरच नाहीये.”

दाजी कप उचलून वळले. मी खिडकीतून बघत होतो. ते दोन पावलं आले आणि थांबले. मग मागे जाऊन पोस्टमास्तरांच्या टेबलापाशी उभे राहिले. त्यांचा कप रिकामा होता, तळाशी साखरेचा ओला थर.

“मास्तर, तुमची कॉफी गोड होती?”

पोस्टमास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. “होती थोडी.”

“प्यायलात कशी?”

“कधीमधी चालते हो.”

“कधीमधी म्हणजे? आधीही झालंय?”

पोस्टमास्तरांनी घडी घातलेलं वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. ते आयुष्यभर सरळ वागलेले, खोटं बोलायची सवय नाही. दाजींनी सगळ्या हॉटेलावर नजर फिरवली. इतका वेळ चाललेली बडबड थांबली होती. जो तो आपल्या ताटलीत बघत होता. ती शांतता बघूनच त्यांना सगळं कळलं असावं.

दाजी खुर्ची ओढून पोस्टमास्तरांसमोर बसले. इतक्या वर्षांत ते कधी गिऱ्हाइकाच्या टेबलाशी बसले नव्हते.

“माझ्या डोक्यात सिस्ट होती,” ते म्हणाले. “कुणाला काही न सांगता अंगावर काढली. बायकोला नाही सांगितलं, मेहुण्याला नाही सांगितलं. पडलो म्हणून वाचलो. आता तुम्ही तेच करताय. माझ्यापायी साखर पिताय. उद्या तुम्हाला काही झालं, तर मी कोणाच्या तोंडाकडे बघायचं?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून...”

“वाटलं असतं. वाटू द्यायचं होतं.”

आवाज चढला नव्हता. पोस्टमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. दाजी उठले, परक्या माणसाला साखर घातलेली कॉफी नेऊन दिली, त्याची माफी मागितली. मग सरळ गल्ल्यापाशी गेले आणि मालकीणबाईंसमोरचं पॅड आणि पेन्सिल उचलली.

दोघं बरोबरच घरी आलो. जिन्यात मला म्हणाले, “तुलाही ठाऊक होतं.”

मी हो म्हटलं.

“आत शिजवणारा तू. तुला तर आधी ठाऊक असणार.” एवढं बोलून पुढे गेले. रात्रीच्या जेवणाला मात्र माझ्या ताटात त्यांनी स्वतः वाढलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी दाजी एकेका टेबलापाशी जाऊन सांगत होते, “डोक्याचं ऑपरेशन झालंय हे तुम्हाला माहीत आहे. नवं ऐकलेलं मला पुरतं लक्षात राहत नाही. म्हणून मी लिहून घेणार आणि वाचून दाखवणार. तरी चुकलं, तर लगेच सांगायचं. गप्प बसून खाल्लं, तर मी ते ताट उचलून नेईन.”

ऐकायला सोपं वाटतं. पण मी खिडकीतून बघत होतो. त्यांचं अक्षर गिचमिड, वेग कमी. माणसं बोलून मोकळी व्हायची आणि दाजी अजून ‘कांदा नको’ लिहीत असायचे. कान लाल झालेले. एका टेबलावरचा नवा वकील हसत म्हणाला, “दाजी, तुम्हीपण कारकून झालात?” त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं की हा शब्द कोणाचा. मी झारा खाली ठेवला. आता बाहेर जाऊन काहीतरी बोलणार, एवढ्यात दाजी म्हणाले, “झालो. नवीनच आहे, साहेब, सांभाळून घ्या. जरा हळू सांगा.” आणि पेन्सिल टेकवून थांबले. वकिलाने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, शब्द सुटे करून.

मी दाजींना पूर्वी मानत होतो ते त्यांच्या स्मरणशक्तीसाठी. ती काय, देवाने दिली होती, तशी मला नाही दिली. पण त्या दिवशी त्यांनी जे केलं, ते कोणी दिलेलं नव्हतं. सगळ्या हॉटेलासमोर हातात पॅड धरून ‘जरा हळू सांगा’ म्हणणं, तेही ज्यांनी त्यांचा बाणा पाहिला होता त्यांच्यासमोर. मला जमलं नसतं. मी नोकरी बदलली असती.

गंमत अशी की लिहायला लागल्यावर डोकं सुधारलं. थेरपिस्ट मुलगी म्हणालीच होती. लिहिताना ते मोठ्याने म्हणायचे, मग वाचून दाखवायचे, मग खिडकीत मला सांगायचे. तीनदा घोटून घोटून बसायला लागलं. वर्षभरात छोट्या टेबलांची ऑर्डर ते पॅडकडे न बघता सांगू लागले. मोठ्या घोळक्याचं अजून जमत नाही. दुपारनंतर थकले की दोन माणसांचंही जमत नाही. त्या दिवशी ते तसं सांगतात आणि लवकर घरी जातात. बिनसाखरेची कॉफी मात्र ठळक लिहून, खाली रेघ मारून माझ्यासमोर धरतात, जणू मीच विसरणार आहे.

अलीकडे फेरतपासणी होती. ताई, मी आणि दाजी तिघे गेलो. सर्जनबाईंनी स्कॅन लावून दाखवलं. सिस्टची जागा स्वच्छ होती, पाण्याची वाट मोकळी. आता वर्षाने या, म्हणाल्या. खाली फाटकाशी आल्यावर दाजींच्या लक्षात आलं की छत्री वरच राहिली. मी निघालो तर मला थांबवलं. “माझी मी आणतो.”

बराच वेळ झाला तरी आले नाहीत. ताई घड्याळाकडे बघायला लागली. वाट चुकले की काय, म्हणून मी वर गेलो. सर्जनबाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर दाजी एका अनोळखी माणसाशेजारी बसले होते. त्या माणसाच्या हातात स्कॅनचं मोठं पाकीट होतं आणि चेहरा पांढराफटक. दाजींनी केस बाजूला करून त्याला खूण दाखवली. त्याने भीत भीत बोट लावून पाहिलं.

“नंतर त्रास झाला?” त्याने विचारलं.

“झाला. अजून आहे थोडा,” दाजी म्हणाले. “आठवण कमी झाली. माणसं मात्र कमी नाही झाली. तुमच्याबरोबर कोण आलंय?”

“बायको. पाणी आणायला गेलीय.”

“तिला सगळं सांगा. काय होतंय, कुठे दुखतंय. तिच्यापासून लपवू नका.”

तो माणूस मान हलवत राहिला. त्याची बायको बाटली घेऊन आली तेव्हा दाजी उठले, तिला जागा करून दिली आणि माझ्याबरोबर जिना उतरू लागले. फाटकाशी ताईने त्यांच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. मी गुपचूप मागे वळलो आणि बाकाखालची छत्री घेऊन आलो.